हिवाळी सुट्टीत इंग्लंडच्या गावाकडे मुलांना नेताना

ख्रिसमसच्या सुट्टीत इंग्लंडमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवसाचा बेत उलटा आखा. आधी परतीची वेळ ठरवा, मग निघायची. सकाळी दहापर्यंत चालायला सुरुवात आणि तीनच्या आत गाडीपाशी, एवढं सांभाळलंत तर मुलं कंटाळत नाहीत. गावातल्या पबमध्ये जेवायचं असेल तर टेबल आधी राखून ठेवा. बऱ्याच ठिकाणी दुपारचं स्वयंपाकघर अडीचच्या आसपास बंद होतं.

थंडीपेक्षा त्रास चिखलाचा. मुलांना वेली बूट (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) हवेतच, पण आतले मोजे लोकरीचे घाला. सुती मोजे एकदा भिजले की पाय गारठतात आणि रडारड सुरू होते. गाडीत प्रत्येकासाठी कोरडी पँट, मोज्यांचा जादा जोड, चिखलाचे बूट टाकायला मोठी पिशवी आणि थर्मासमध्ये गरम मुगाची खिचडी ठेवा. चालून आल्यावर ती किती पटकन संपते बघा!

शेतातून जाणारी पायवाट पिवळ्या बाणांनी दाखवलेली असते. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात, लहानग्यांचा हात धरा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं तर उघडं.

लहान मुलं असतील तर मी फेब्रुवारीची हाफ टर्म, म्हणजे शाळेच्या सत्रामधली छोटी सुट्टी, निवडेन. उजेड पाचपर्यंत टिकतो आणि केंब्रिजजवळच्या अँग्लसी ॲबी या जुन्या वाड्याच्या बागेत स्नोड्रॉपची पांढरी फुलं जमीनभर पसरलेली असतात.