जुन्या घडीच्या चाकूचं वय कसं काढायचं

पंचवटीतल्या एखाद्या वाड्याच्या आवराआवरीत किंवा नाशकातल्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुना घडीचा चाकू हाती लागला, तर आधी त्याला पॉलिश करू नका. वय सांगणारी अक्षरं पात्याच्या बुडाशी, मुठीत शिरण्याआधीच्या बोथट भागावर ठोकलेली असतात आणि बफ मारला की तीच आधी जातात. सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी टूथपिकनं मळ काढा. मग टॉर्च आडवा धरून दहापट भिंगातून प्रत्येक पातं वाचा.

चाकूवरची सगळ्यात उशिराची खूण धरायची, सगळ्यात जुनी नव्हे. इथेच बहुतेक जण फसतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 'जोसेफ रॉजर्स' या चाकू कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस) १६८२ पासूनचा, पण म्हणून चाकू तितका जुना ठरत नाही. मुकुटाशेजारी 'व्ही. आर.' असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. 'जी. आर.' म्हणजे जॉर्ज राजा, पण ते फसवं आहे, कारण जॉर्ज एकच नव्हता. 'इंग्लंड' हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा, मालावर देशाचं नाव मागणाऱ्या अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे आलेला. पण तो नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा, म्हणून शब्द नसला तरी चाकू जुनाच असेल असं नाही. 'स्टेनलेस' दिसलं की १९१३ च्या आधीचा विचार सोडा. 'व्हिक्टोरिनॉक्स' हे स्विस कंपनीचं नाव १९२१ चं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

देवळालीला ब्रिटिशांची छावणी होती, तेव्हा नाशकात लष्करी चाकूवर नजर ठेवावीच: रुंद पातं, डबा फोडायचं हत्यार, पाठीला जाड टोच्या. बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. बाणासोबत 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारचा. पुष्कळदा सालही ठोकलेलं असतं.

आता खोटेपणा. आजूबाजूचं पोलाद काळवंडलेलं आणि अक्षरांचा तळ मात्र चकचकीत, तर ती नंतर कोरलेली. ॲसिडनं काढलेली अक्षरं उथळ, कडा कुरतडल्यासारख्या. दोन पात्यांचा रंग जुळत नसेल किंवा मुठीच्या रिवेटभोवती ताजे ओरखडे असतील, तर पातं बदललेलं असण्याचा संशय घ्या.

मुठीवर हाडाला बारीक काळसर छिद्रं दिसतात, शिंगाला वाहते रेघोटे. घासल्यावर कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. तापलेली सुई टोचून बघू नका, ते भडकतं. जुनं सेल्युलॉइड विटताना आम्ल वाफ सोडतं आणि शेजारच्या पात्यांना गंज चढवतं, म्हणून असा चाकू वेगळा, हवेशीर ठेवा. हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची मूठ असेल तर सौदा सोडा; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरतं. पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन स्प्रिंग जाम करतं.