गाणं अपलोड करायच्या आधी काय काय आवरून ठेवायचं

चाल बसली, घरीच रेकॉर्डिंगपण झालं की कधी एकदा टाकतोय असं होतं, पण यूट्यूबवर गेलेल्या व्हिडिओत मागाहून नवीन ऑडिओ बदलून टाकता येत नाही, डिलीट करून परत चढवावं लागतं आणि लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जातं, म्हणून जे आवरायचं ते आधीच.

खोलीचं फार टेन्शन नको. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, कुकर उतरल्यावरच टेक, पाठीमागे जाडजूड गोधडी टांगली की बरंच काम होतं. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, नाहीतर प, फ, भ आला की फटकन हवा बसते. रेकॉर्डिंगची लेव्हल -6 डीबीच्या वर जाऊ द्यायची नाही, आवाज फाटला की तो नंतर नीट होत नाही, चक्क परत गावं लागतं.

मिक्स (आवाज आणि वाद्यं एकत्र बसवणं) झालं की ज्याने तुमचे शब्द वाचलेले नाहीत अशा कुणालातरी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवा आणि दुसरी ओळ काय होती ते विचारा. सांगता नाही आली तर गिटारचा आवाज खाली घ्या, रिव्हर्ब म्हणजे आवाजाचा घुमारा कमी करा (रिव्हर्ब सगळ्यांनाच जास्त होतो). आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारं टूल) दाबून दाबून गाण्याचा आवाज मोठा करू नका, यूट्यूब आणि स्पॉटिफाय तो साधारण -14 एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) खाली आणतातच, मग नुसतं चेपलेलं ऐकू येतं.

आता जे सगळे टाळतात ते, हक्क. नेटवरून घेतलेल्या बीटवर (गाण्यामागच्या तयार संगीतावर) फ्री लिहिलेलं असलं तरी लायसन्स पूर्ण वाचा, बऱ्याचदा ते फक्त पैसे न कमावण्यापुरतं असतं आणि मग कॉपीराइटचा क्लेम येतो. कविता दुसऱ्याची असेल तर कवी गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे बालकवी 1918 ला गेले, त्यांच्या कवितेला चाल लावा खुशाल, पण कुसुमाग्रज 1999 ला गेले, तिथे परवानगी लागणार. तुकोबांचा अभंग मोकळा आहे हो, पण कुणा संगीतकाराने त्याला लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. स्वतःच्या गाण्याला कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, तरी तारखेसकट ड्राफ्ट जपा. मित्राने अंतरा लिहिला असेल तर कुणाचा किती टक्के ते आत्ताच मेसेजवर लिहून घ्या, मैत्री आहे तोवरच हे सोपं असतं. पुढे गाणी वाजायला लागली तर गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था आहे, तिथे मेंबर होता येतं.

स्पॉटिफायवर थेट टाकता येत नाही, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं तिथे पोचवणारी कंपनी लागते. तिला वेव्ह फाइल द्यायची, एमपीथ्री नको, कव्हरचं चित्र 3000 बाय 3000 पिक्सेल चौकोनी, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच, नाहीतर तुमची दोन गाणी दोन वेगळ्या कलाकारांच्या नावावर दिसतील. तारीख तीन-चार आठवडे पुढची घ्या, प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या आधीच करावं लागतं. यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये पूर्ण शब्द देवनागरीत टाका, लोक ओळ टाइप करून शोधतात. पहिल्यांदा अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) ठेवून तीनचार जणांनाच लिंक पाठवा.

आणि प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, गायलेला आवाज नसलेला नुसता ट्रॅकपण आत्ताच काढून घ्या, कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी आदल्या रात्री तोच मागतं.