पिक्चर बघून मत कसं मांडायचं, फेस्टिवलवाला असो नाहीतर हाऊसफुल

मत सगळ्यांकडेच असतं. शो सुटला की पार्किंगमध्येच "नाद खुळा" नाहीतर "डोकं उठलं" असा निकाल लागतो आणि गाड्या सुरू होतात. त्यात वाईट काही नाही, पण दुसऱ्याला त्या मताचा उपयोग काहीच होत नाही, कारण त्यात पिक्चर कुठं नसतोच, आपला त्या दिवशीचा मूड असतो फक्त. मी बरीच वर्षं आवड म्हणून पिक्चरवर लिहितोय, आणि सांगली-मिरजेतली कॉलेजची पोरं पोरी विचारत असतात की दादा हे नेमकं कसं करायचं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. छोट्या पिक्चरला एक फूटपट्टी आणि मोठ्याला दुसरी, हे बंद करायचं. आपण काय करतो, मोठ्या स्टारचा पिक्चर असला की "डोकं घरी ठेवून बघायचा असतो रे" म्हणून सगळं माफ करतो आणि कमी पैशातला, फेस्टिवलला जाऊन आलेला पिक्चर असला की "विषय किती महत्त्वाचा आहे" म्हणून सगळं माफ करतो. ह्या दोन्ही सवलतींमध्ये करणाऱ्याचा अपमानच आहे, कारण त्याने जी मेहनत घेतली ती आपण बघितलीच नाही असा त्याचा अर्थ होतो. नागराज मंजुळेंचंच बघा की, 2013 चा फँड्री आणि 2016 चा सैराट, माणूस तोच, राग तोच, जातीचा प्रश्न तोच, एक लोकांनी 'आर्ट' खात्यात टाकला आणि दुसऱ्याला थेटरात शिट्ट्या वाजल्या. मग ही खाती कुणी पाडली? आपणच. दोन्हीला विचारायचा प्रश्न एकच आहे, ह्या पिक्चरला काय करायचं होतं आणि ते जमलं का. मग तिसरा प्रश्न येतो की ते करण्यासारखं होतं का, पण तो तिसरा, पहिला नव्हे.

आता बघायचं कसं. आपल्याकडे छोटा मराठी पिक्चर आला तर बऱ्याचदा एखादाच शो असतो, तोही अडनिड्या वेळेला, दुपारचा वगैरे, आणि पुढच्या शुक्रवारी तो असेलच याची खात्री नसते, म्हणून असला पिक्चर पहिल्या शनिवार-रविवारीच गाठायचा आणि एकट्याने न जाता चार जणांना ओढून न्यायचं, कारण रिकाम्या खुर्च्या दिसल्या की शो काढला जातो हे सांगायला नको. मोठा पिक्चर कुठं पळून जात नाही, त्याला सोमवारी मंगळवारी गेलात तर गर्दी कमी असते आणि नीट ऐकू येतं, पण एकदा तरी तो भरलेल्या थेटरात बघा, कारण सातशे माणसांना एकदम हसवणं ही पण कला आहे आणि ती रिकाम्या हॉलमध्ये कळत नाही. घरी ओटीटीवर बघणार असाल तर फोनवर नको, आणि टीव्हीवर बघताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रिव्ह्यू आधी वाचायचे नाहीत, एकही नाही, दुसऱ्याचं वाक्य एकदा डोक्यात बसलं की आपण तेच शोधत बसतो.

आता मुद्द्याचं. पिक्चर संपल्यावर आवडला का नाही हे ठरवायच्या आधी, एक सीन निवडायचा आणि तो जसा दिसला ऐकू आला तसा लिहून काढायचा, मत न घालता. एवढं एक जरी केलं तरी निम्मं काम होतं. फँड्रीतला तो सीन घ्या. शाळेत जाणारा जब्या आणि त्याच्या घरची माणसं डुक्कर पकडायला गावात फिरतायत, डुक्कर अगदी हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागेवर थांबतो. मग घरचे पण थांबतात, सावधान, आणि डुक्कर आपलं निवांत निघून जातं. आता हे नुसतं लिहिलं तरी बघा काय काय सापडतं: कुणी भाषण दिलेलं नाही, कुणी रडत नाही, खरं तर प्रसंग हसण्यासारखा आहे आणि थेटरात लोक हसतात पण, आणि त्या हसण्यातच अडकतात, कारण ज्या देशासाठी हे कुटुंब थांबलंय त्यातलं गाव यांची मजा बघत उभं असतं. "जातव्यवस्थेवर जळजळीत भाष्य" असं लिहिलं असतं तर यातलं काहीही वाचणाऱ्यापर्यंत पोचलं नसतं. पुढे जब्याचा बाप कचरू आणि घरची माणसं डुक्कर काठीला टांगून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा रंगवलेले आहेत, तिथे पण तेच, कॅमेऱ्याने बोट दाखवलेलं नाही, माणसं भिंतीवरून पुढं सरकतात आणि आपल्याला दिसतं. असं दिसणारं लिहायची सवय लावा.

ह्यात आपली सांगलीकरांची एक अडचण आहे आणि ती मी मनापासून सांगतो. आपण नाटकवाले. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथंच सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून आपल्या रक्तात रंगमंच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण त्यामुळं होतं काय की आपण पिक्चर कानाने बघतो. डायलॉग भारी तर पिक्चर भारी. बाहेर आल्यावर लोक एकमेकांना डायलॉग म्हणून दाखवतात, शॉट कुणी सांगत नाही. यावर उपाय सोपा आहे, घरी बघताना आवडलेला एखादा सीन आवाज बंद करून परत बघा. कोण कुठं उभंय, कोण फ्रेमच्या कडेला ढकललंय, कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर किती वेळ थांबलाय, हे सगळं आवाज गेला की दिसायला लागतं. ज्या पिक्चरमध्ये आवाज बंद केल्यावर नुसती तोंडं हलताना दिसतात, तिथे दिग्दर्शकाने रेडिओवरचं नाटक शूट केलंय असं खुशाल लिहा.

मग उलटं पण करा, डोळे मिटून नुसतं ऐका. यासाठी शोले सारखा धडा नाही. 1975 चा, अख्ख्या देशाने बघितलेला, त्याहून मेनस्ट्रीम काय असणार. गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा आधी काय येतं? खडकावरून चालणारे बूट आणि दगडावर घासत जाणारा पट्टा. चेहरा नंतर. आणि ठाकूरच्या घरच्यांना मारतो तो भाग, झोपाळ्याची कुरकुर, आणि शेवटी लहान पोरावर बंदूक रोखल्यावर गोळी लागलेली न दाखवता थेट रेल्वे इंजिनावर कट. हे कुणा फेस्टिवलवाल्याने केलं असतं तर आपण "संयत हाताळणी" म्हणून लेख लिहिले असते. करमणुकीच्या पिक्चरमध्ये इतकी कारागिरी असू शकते म्हणूनच आजच्या करमणुकीच्या पिक्चरकडून पण तेवढीच मागायची. मारामारी असेल तर कोण कुठल्या बाजूला उभंय हे कळतंय का, का नुसते तुकडे तुकडे जोडून ढॅण ढॅण वाजवलंय. गाणं असेल तर गाण्याआधीची गोष्ट आणि गाण्यानंतरची गोष्ट यात काही सरकलं का. सैराटमध्ये आर्ची परश्या गाव सोडून हैदराबादला गेल्यावर गाणी थांबतात, अजय-अतुलच्या ज्या म्युझिकने आपल्याला तासभर नाचवलं ते काढून घेतलं जातं, आणि शेवटाला तर आवाजच नाही, लेकराची रक्ताची पावलं आणि शांतता. म्हणजे ती गाणी नुसती हिट व्हायला नव्हती, ती काढून घेता यावीत म्हणून आधी दिली होती. हे ज्याला दिसलं त्याने सैराट बघितला असं मी म्हणतो.

आता "संथ" ह्या शब्दाबद्दल. छोट्या पिक्चरवर सगळ्यात जास्त मारला जाणारा दगड हाच, आणि मुळात संथ असणं हा गुण पण नाही आणि दोष पण नाही. विचारायचं एवढंच की शॉट लांब चाललाय तेवढ्या वेळात आत काही बदलतंय का. चैतन्य ताम्हाणेंचा कोर्ट घ्या, 2014 ला व्हेनिसच्या फेस्टिवलमधून पारितोषिक घेऊन आलेला. त्यात कॅमेरा लांब बसतो आणि हलत नाही, कोर्टात तारीख पे तारीख चालते तसाच. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, लाईट बंद होतात आणि अंधार तसाच राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं संपला. पण संपत नाही, पुढे न्यायाधीश घरच्यांबरोबर सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी लागलीय, पोरं येऊन ओरडून दचकवतात, एका पोराला चापट बसते आणि साहेब परत डुलकी काढतात. तो अंधार तेवढा लांब ठेवला नसता तर ही चापट एवढी लागली नसती, तेव्हा ह्या संथपणाला कारण आहे. पण ह्याचं बघून बघून बरेच जण नुसताच कॅमेरा झाडासमोर लावून बसतात, आत काहीच बदलत नाही, दिग्दर्शकाला कुठं कापायचं हे सुचलेलं नसतं. तिथे पारितोषिकं कितीही असूदेत, कंटाळा आला तर कंटाळा आला लिहायचं, कितव्या प्रसंगाला आला आणि तिथे काय चाललं होतं हे मात्र सांगायचं.

तुम्हाला स्वतःला जे येतं ते वापरा, हे कुणी सांगत नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनतात, अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, दर्ग्यात उरुसाला आजही गाणं होतं, तिथं लहानपणापासून बसणारी माणसं आहेत. त्यातल्याच एका काकांना मी 2020 चा द डिसायपल दाखवला, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या पोराची गोष्ट आहे ती. मी कॅमेऱ्याबद्दल बोलत होतो, आणि काका म्हणाले, "पोराचा सूर चुकत नाही रे, उघडत नाही, आणि ते त्याला कळतंय." अख्खा पिक्चर एका वाक्यात. त्यात काम करणारा आदित्य मोडक स्वतः गायक आहे, म्हणून ते न उघडणं इतकं बारीक दाखवता आलं. तुम्ही ऊस लावत असाल, तालमीत जात असाल, हळदीच्या पेठेत बसत असाल, तर पिक्चरमधलं शेत, कुस्ती, व्यापार खरा आहे का हे तुमच्याइतकं मुंबईच्या समीक्षकाला नाही कळणार.

पण इथं एक सांभाळायचं. साताऱ्याकडच्या लोकांना वाई दिसली की लगेच "हे तर आपलं मेणवली" म्हणून चूक काढल्याचा आनंद होतो. गंगाजलचा बिहार, स्वदेसमधलं चरणपूर, दबंगमधला यूपी, सगळीकडे वाईचाच परिसर आहे. जागा दुसरीकडची असणं हा दोष नाही, पिक्चर असाच बनतो. दोष कधी, तर त्या गावातल्या माणसांना काही काम, काही बोली, काही इतिहासच नसेल आणि नदीचा घाट नुसता मागे पडद्यासारखा लावला असेल तेव्हा.

कलेक्शन, बजेट, अवॉर्ड ह्यावर फार वेळ घालवू नका. कलेक्शनवरून कळतं लोक गेले, अवॉर्डवरून कळतं ज्युरीला आवडला, आणि "एवढ्याशा पैशात केलाय" हे कौतुक निर्मात्याला फोनवर सांगा, तिकीट काढणाऱ्याला छोट्या-मोठ्या पिक्चरला बऱ्याचदा सारखेच पैसे पडतात. स्टार देणार असाल तर द्या, मी देत नाही.

लिहायला बसताना दुसऱ्या दिवशी बसा, त्याच रात्री नको. रात्री इंटरव्हलमध्ये आणि सुटल्यावर चार शब्द खरडून ठेवले की पुरे. मास्टरपीस, ओव्हररेटेड, वास्तववादी, हृदयस्पर्शी, हे शब्द आले की थांबायचं आणि त्याजागी पडद्यावर काय होतं ते लिहायचं. शेवट सांगायचा नाही, पिक्चर जुना असेल आणि शेवटावरच बोलायचं असेल तर आधी तसं सांगून टाकायचं. नट-नटीच्या दिसण्यावर, वजनावर, रंगावर एक शब्द नाही, कामावर बोला. आणि पटला नाही तर ज्याने केलाय तो समोर बसून वाचतोय असं धरून लिहा, म्हणजे बोचरं कमी आणि नेमकं जास्त होतं. मराठीत छोटा पिक्चर करणाऱ्याला नेमकं सांगणारी माणसं फार कमी मिळतात, एक तर गोड बोलणारे नाहीतर शिव्या देणारे.

कुणाशी वाद झाला तर "तू कुठला सीन धरून बोलतोयस" एवढंच विचारा, वाद तिथून पिक्चरवर येतो.

सुरुवात करायची असेल तर माझं ऐका, लागोपाठ दोन रात्री काढा. पहिल्या रात्री फँड्री, दुसऱ्या रात्री सैराट, मध्ये दुसरं काही बघू नका. दोन्हीतला एकेक सीन वर सांगितलं तसा मत न घालता लिहा, शाळेतला, विहिरीवरचा, कुठलाही, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.