जुनी हत्यारं ऑनलाइन लिलावात घेताय? बोलीआधी भाड्याचा हिशोब असा मांडा

लिलावात घेतलेला माझा पहिला रंधा मिक्सरच्या खोक्यातून घरी आला. बोली 450 रुपयांवर थांबली होती आणि मी दोन दिवस हवेत होतो. मग विक्रेत्याने कुरियरची पावती पाठवली, 620 रुपयांची. रंधा पावणेदोन किलोचा आणि पावतीवर वजन सहा किलो! भांडायला फोन लावला, तर काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, वजन रंध्याचं नाही, खोक्याचं लावलंय." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यानंतर बरंच लोखंड घरात आलं. आता बोली लावायच्या आधी माल घरी आणायचं भाडं काढतो. ते कसं, ते सांगतो.

आधी लोकलने मिळतंय का बघा

मुंबईकराला एक सोय आहे, ती विसरू नका. ग्रँट रोडला उतरून चालत गेलं की मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार. नवं हत्यार कितीला पडतं हे बघायचं तर मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट आहे. लिलावात दिसलेली वस्तू या दोन ठिकाणी कितीला मिळते, हा तुमचा मूळ भाव. साधी पक्कड, पाना, हातोडी यांच्यासाठी मी लिलावात उतरतच नाही. वजनाच्या मानाने त्यांची किंमत इतकी कमी असते की भाड्यातच सगळं जातं. लिलावात उतरावं ते इथे सहज न मिळणाऱ्या वस्तूसाठी: इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना रंधा, चांगल्या पोलादाच्या पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), हाताने फिरवायचं गिरमिट.

विक्रेता वसई, कल्याण, पनवेलचा निघाला तर कुरियरचं नावच काढू नका. स्टेशनच्या पुलावर भेटा. रिटर्न तिकिटाइतकं स्वस्त भाडं जगात नाही, आणि पैसे देण्याआधी पात्यावरून बोट फिरवून बघता येतं. फक्त पटाश्या नीट गुंडाळून आणा. सातच्या गर्दीत उघडी पटाशी पिशवीतून बाहेर आली तर हिशोब वेगळाच होईल.

दोन वजनं काढा, मोठं ते खरं

कुरियरवाले काट्यावरचं वजन बघतात आणि खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि 5000 ने भागा. येतं ते आकारमानाचं वजन, किलोत. काही कंपन्या 5000 च्या जागी लहान आकडा वापरतात, मग हे वजन आणखी वाढतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे लागतात, आणि तेही बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने, वरच्या बाजूला पूर्ण करून.

माझं मिक्सरचं खोकं 40 बाय 30 बाय 25 होतं. गुणाकार 30,000, भागाकार सहा. तोच रंधा 30 बाय 15 बाय 15 च्या खोक्यात बसवला असता तर आकारमानाचं वजन 1.35 किलो आलं असतं आणि काट्यावरच्या दोन-सव्वादोन किलोवर काम भागलं असतं.

करवतीचं उलट. करवत हलकी, पाऊण किलोची, पण लांब. 75 बाय 20 बाय 8 चं खोकं केलं तरी 2.4 किलो लागतात. म्हणून करवतीची मूठ स्क्रूवर असेल तर काढून द्यायला सांगा. मूठ गेली की खोकं पातळ होतं, आणि करवतीच्या खोक्यात खरी किंमत उंचीची आहे.

काही वजनं डोक्यात ठेवावीत अशी आहेत. चार नंबरचा (नंबर म्हणजे रंध्याचं माप) लोखंडी रंधा साधारण 25 सेंटीमीटर लांब आणि 1.7 किलोचा. पाच नंबरचा 35 सेंटीमीटरचा, दोन किलोच्या थोडा वर. सात नंबरचा धोंडा 56 सेंटीमीटर लांब, साडेतीन किलोच्या पुढे. चार इंची जबड्याचा शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस, सहज आठ-दहा किलो. ऐरणीबद्दल काय बोलायचं!

विक्रेत्याला बोलीआधी विचारा

लिलाव संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही, तेव्हा तुमचे हात बांधलेले असतात. मी पाठवतो तो मेसेज साधारण असा: "नमस्कार, रंधा आवडला. पॅकिंगसकट वजन किती होईल? खोक्याची मापं सेंटीमीटरमध्ये सांगाल का? पिनकोड दादरचा आहे, कुरियर आणि स्पीड पोस्ट दोन्हींचं भाडं कळवा. तुमच्याकडचं आणखी काही जिंकलं तर एकाच खोक्यात पाठवाल ना?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. पहिला अर्धा किलो सगळ्यात महाग असतो, पुढचे टप्पे स्वस्त पडत जातात. पाव किलोच्या तीन पटाश्या तीन पाकिटांतून आल्या तर तीनदा अर्ध्या किलोचे पैसे जातात. एका पाकिटात किलोभरात बसतात. सांगलीच्या एका सुतारकाकांकडून मी तीन आठवडे वस्तू घेत राहिलो आणि त्यांनी सगळ्या एका गोणपाटात शिवून पाठवल्या. पाकिटावर पत्ता खडूने लिहिला होता, तरी पोचलं.

ज्याला वजन विचारलं तर "भाडं नंतर बघू" असं उत्तर येतं, त्याच्याकडे मी बोली लावत नाही. वस्तूची किंमत कमी दाखवून भाड्यात वसूल करणारेही भेटतात. पावणेदोन किलोच्या मालाला आठशे रुपये "पॅकिंग आणि हाताळणी" मागितली की समजून जा.

बोलीचा आकडा उलटा काढा

समजा, एखादा रंधा घरी येऊन, गंज काढून, धार लावून तयार झाला की तुमच्या दृष्टीने तो 2,000 रुपयांचा आहे. त्यातून भाडं 420 वजा करा. पॉलिश पेपर, तेल, एखादा स्क्रू यांचे 200 वजा करा. उरले 1,380. लिलाव चालवणारा खरेदीदाराकडून दहा टक्के घेत असेल आणि त्या दहा टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी, तर एकूण 11.8 टक्के. 1,380 ला 1.118 ने भागलं की 1,234. म्हणजे तुमची कमाल बोली 1,230. हा आकडा कागदावर लिहून मोबाइलच्या मागे चिकटवा. शेवटच्या दोन मिनिटांत समोरचा पन्नासने वाढवतो, आपण पन्नासने वाढवतो, आणि हा कागद नसेल तर माणूस अडीच हजारांवर थांबतो. अनुभवाने सांगतोय.

कशाने मागवायचं

पाच किलोपर्यंतच्या मालाला स्पीड पोस्ट आणि कुरियर दोन्हींचे दर मागवून तुलना करा. स्पीड पोस्टच्या दरावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरायला विसरू नका.

महाराष्ट्रातल्या गावाहून जड माल असेल तर एसटीचं पार्सल विचारून बघा. मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर किंवा बोरिवलीची नॅन्सी कॉलनी, जे जवळ असेल ते नाव विक्रेत्याला द्या. घरपोच नसतं, तुम्हाला जाऊन उचलावं लागतं. शेगडा असेल तर सोबत कोणीतरी न्या.

ट्रान्सपोर्टने मागवणं पंधरा-वीस किलोच्या पुढेच परवडतं, कारण त्यांचं कमीत कमी भाडं ठरलेलं असतं. दोन किलो असो की वीस, तेवढं द्यावंच लागतं. वर बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा खर्च, हमाली आणि गोदामापासून घरापर्यंतचा टेम्पो. गोदाम भिवंडीला निघालं तर तो टेम्पोच सगळ्यात महाग. म्हणून "भाडं किती" एवढंच विचारू नका, "माल नक्की कुठे उतरणार" हेही विचारा.

पॅकिंग: इथे कंजुषी नको

भाडं वाचवायला खोकं लहान करा, पण आतलं पॅकिंग कमी करू नका. रंधा ओतीव लोखंडाचा, बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. पडला तर तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं तिथे, बाजूच्या भिंतीला चीर जाते, आणि तो रंधा मग पेपरवेट. दुसरी कमजोर जागा लाकडी मूठ, ती बुडाशी मोडते.

विक्रेत्याला एवढं सांगा: पातं काढून वेगळं गुंडाळा. मूठ सुटत असेल तर सोडवा. लोखंडाला मशीन ऑइलचा हात फिरवून आधी कागदात गुंडाळा आणि मगच बबल रॅप. बबल रॅप थेट लोखंडावर नको, आत ओल अडकते आणि जुलैमध्ये चार दिवसांत नारिंगी डाग उमटतात. नुसतं वर्तमानपत्र कोंबून भागत नाही. जड वस्तू त्याला दाबत खोक्याच्या भिंतीपर्यंत पोचते. खोकं हलवल्यावर आवाज आला तर पॅकिंग पुन्हा करा. पटाशीच्या टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोरा बांधला की ती खोकं फाडून बाहेर येत नाही. यासाठी पन्नास रुपये जास्त मागितले तर आनंदाने द्या.

परदेशातला लिलाव

अमेरिकेतली जुनी हत्यारं बघून जीव कासावीस होतो हे मान्य. पण आधी नियम बघा. आपल्या विदेश व्यापार धोरणात भांडवली वस्तू (उत्पादनासाठी लागणारी यंत्रसामग्री) सोडून बाकी वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे, म्हणजे परवाना लागतो. जुना रंधा पोस्टाने मागवला आणि तो बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात अडकला, तर तुमची बाजू लंगडी असते. "भेटवस्तू लिहून पाठव" हा सल्लाही ऐकू नका. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर पोस्ट-कुरियरने येणारी भेटवस्तू त्या नावाखाली सोडवता येत नाही.

परवाना असेल किंवा नवी वस्तू मागवत असाल, तर ड्युटी वस्तूच्या किमतीवर अधिक भाडं अधिक विमा अशी लागते. इथे एक कलम ग्राहकाच्या बाजूचं आहे. 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाचं भाडं मूल्यात धरताना वस्तूच्या तिथल्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. 3,000 च्या वस्तूला 3,500 भाडं पडलं तरी मूल्यात 600 च धरायचे. आकारणीच्या कागदावर ही ओळ जरूर तपासा.

तिकडे राहणारा मामेभाऊ असेल तर माल त्याच्या पत्त्यावर मागवावा. अमेरिकी पोस्टाची ठरावीक दराची खोकी आहेत. त्यात देशांतर्गत 70 पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास 32 किलोपर्यंत, वजन कितीही असलं तरी दर तोच. मध्यम आकाराचं खोकं दोन प्रकारचं मिळतं. 11 बाय साडेआठ बाय साडेपाच इंचाच्या खोक्यात चार नंबरचा रंधा बसतो. पाच नंबरचा 14 इंची रंधा त्यात बसत नाही. मुठी काढल्या तर तो दुसऱ्या, पसरट खोक्यात तिरका बसू शकतो. विक्रेत्याला हे सुचवावं लागतं.

पुढचा प्रवास भावाच्या चेक-इन बॅगेतून, आणि विमानतळावर कस्टम्सने विचारलं तर लपवाछपवी न करता. हातातल्या बॅगेत रंधा-पटाशी सुरक्षा तपासणीत अडकणारच. 23 किलोच्या बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि सगळ्यांच्या मुलांचे बूट भरून झाले की दोन किलो मागायचे. ते आधी वहिनीला विचारा, भावाला नंतर.

पार्सल आल्यावर

सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून संध्याकाळी उघडू, असं पावसाळ्यात करू नका. खोकं ओलं झालं असेल तर त्याच वेळी फोटो काढा, उघडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा. मोडतोडीची तक्रार त्याशिवाय कोणी ऐकत नाही. मग कागद काढून टाका, लोखंड कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा. पावतीवरचं वजन आणि भाडं वहीत उतरवा. माझ्या वहीत पहिली नोंद आहे: "रंधा 1.7 किलो, खोकं 6 किलो, 620." खाली बायकोच्या अक्षरात: "मिक्सर कुठाय?"