सढळ हाताने देणारी मंडळी कशी घडते: खजिनदाराच्या टेबलावरून

गेली नऊ वर्षं मी आमच्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशोब बघतोय. मुंबईच्या सेंट्रल लाइनवरची साधी मंडळी आहे, साठेक कुटुंबं, कुणी बेस्टमध्ये, कुणी नर्स, कुणी रिक्षा चालवतं, आणि निम्म्यांचं गाव नगरकडचं नाहीतर जालन्याचं. दरवर्षी कमिटीवर कुणीतरी नवीन येतं आणि विचारतं की अर्पण, म्हणजे लोक चर्चला देतात ते पैसे, वाढवायचं कसं. मी सांगतो की अर्पणाची पिशवी समोर येते तेव्हा उशीर झालेला असतो, देणारा माणूस घरी ठरवून आलेला असतो आणि तो ठरवतो ते आपल्या वहीवरचा त्याचा विश्वास बघून.

म्हणून आधी घरचं. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना हेच लिहिलंय (1 करिंथ 16:2), आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काढून ठेवावं. म्हणजे पगाराचा मेसेज आला की त्याच दिवशी, किराणा आणि ईएमआयच्या आधी, वाटा बाजूला काढायचा, महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की मुंबईत काही उरत नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, शिकवाच, मी स्वतः तो पाळतो, पण 28,000 पगारातून भाडं आणि पोरांची फी भरणाऱ्याला पहिल्याच महिन्यात 2,800 काढ म्हटलं तर तो मान हलवतो आणि पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर बसतो. त्याला दोन टक्क्यांपासून सुरू करू द्या, 560 रुपये, पण दर महिन्याला न चुकता, मग पुढच्या वर्षी तीन टक्के. दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं असं सांगणारा बायबलमधला मलाखीचा तिसरा अध्याय काठीसारखा वापरू नका. आणि दिलंत की दुप्पट मिळेल असं तर कृपा करून कुणीही पुलपिटवरून, उपदेश करताना, बोलू नका, कर्जात बुडालेली माणसं ते खरं मानतात आणि उसने काढून अर्पण देतात. उसन्या पैशाचं अर्पण नको, आधी कर्ज फेडा, हे खजिनदारानेच उघड सांगावं.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमध्ये 1910 पासून बुहफाई थाम म्हणून पद्धत आहे, स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला मूठभर देवासाठी बाजूला, मग तो गोळा करून विकतात आणि त्यावर चर्चची मोठमोठी कामं चालतात. आमच्या महिला मंडळाने ते ऐकून घराघरात डबे दिले, भाजी घेऊन आलं की सुट्टे पैसे डब्यात. रक्कम मोठी नसते पण डबा ओट्यावर असतो, पोरं रोज बघतात.

पोरांवरून आठवलं, क्यूआर कोडमुळे एक गोष्ट बिघडली. आईबाप घरूनच यूपीआय करतात, मग पिशवी येते तेव्हा हात रिकामे, आणि शेजारी बसलेल्या पोराला वाटतं आपल्या घरातून काही जात नाही. आम्ही छोटी कार्डं छापली, "आमचं अर्पण पोहोचलं आहे" एवढंच लिहिलेलं, रक्कम नाही, नाव नाही. दारात ठेवतो, ज्याने ऑनलाइन दिलं त्याने एक उचलायचं आणि पिशवीत टाकायचं, शक्यतो पोराच्या हाताने.

आता वही. उपासना संपली की पैसे तिथेच मोजायचे, वेस्ट्रीचं, म्हणजे चर्चमधल्या कामकाजाच्या खोलीचं, दार उघडं ठेवून, कमीत कमी दोघांनी, आणि ते दोघं एका घरातले नकोत. रजिस्टरमध्ये नोटांची फोड, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. अर्पण घरी नेऊन मोजायचं नाही, अगदी पाळकसाहेबांनीसुद्धा. यात संशय घेण्यासारखं काही नाही, पौलानेसुद्धा वर्गणी नेताना सोबत माणसं दिली ती कुणी बोट दाखवू नये म्हणूनच (2 करिंथ 8:20-21). एक आजी दर रविवारी दहाची नोट चार घड्या करून टाकतात, नोटेला हळदीचा वास असतो. ती नोट मी टेबलावर सरळ करतो तेव्हा मला दरवेळी वाटतं की या दहा रुपयांचा हिशोब चुकता कामा नये.

आमचा चुकला होता. छत गळत होतं म्हणून निधी काढला, लोकांनी भरभरून दिलं, काम झालं, पण किती आले किती गेले हे आम्ही दीड वर्ष सांगितलंच नाही. कुणी खाल्लं नव्हतं, फक्त आळस. पुढच्या आवाहनाला निम्मेसुद्धा जमले नाहीत. तेव्हापासून दर महिन्याला एक कागद नोटीस बोर्डावर लागतो, आले, गेले, शिल्लक, तोही मोठ्या अक्षरात. ट्रस्टचं वर्षाचं ऑडिट महाराष्ट्राच्या 1950 च्या कायद्याने करावंच लागतं, पण लोक ऑडिट रिपोर्ट वाचत नाहीत, बोर्डावरचा कागद वाचतात.

बजेट बारा सारख्या भागांत करू नका. जूनमध्ये शाळेची फी, जुलैत पाऊस, आणि रविवारी मेगा ब्लॉक असला की लांबून येणारी कुटुंबं पोहोचतच नाहीत. आणि कुणाचा भाऊ परदेशातून पैसे पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट विचारा, भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले असतील तर ते परदेशी देणगी धरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेलं असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घ्यायचा नाही.

कापणीच्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंचा चर्चसाठी लिलाव होतो तो मला आवडतो, गावची बाजरी, दादरची भाजी, केक, कधी जिवंत कोंबडी, नारळ हजारावर जातो. पण दोन-तीन मोठे पगारवालेच बोली चढवत बसले की बाकीचे प्रेक्षक होतात. चार-पाच घरांनी मिळून बोली लावायची मुभा द्या. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा वेळ पण अर्पणच धरा, आमचे पंखे एक इलेक्ट्रिशियन भाऊ फुकट दुरुस्त करतात, ते काम मासिक कागदावर पैशांच्या शेजारीच लिहितो.

शेवटचं, जे कुटुंब अचानक द्यायचं थांबतं त्यांच्या घरी जा, पण पावतीबुक घेऊन नाही. मागच्या वर्षी एका घरी आम्ही दोघं गेलो, त्यांचं तीन महिने काही आलं नव्हतं. नोकरी गेली होती, कुणालाच सांगितलं नव्हतं. चहा घेतला, प्रार्थना केली, आणि सोमवारी मदत निधीतून त्यांच्या मुलीची फी भरली.