ब्रॉयलरच्या खाद्यात औषधी वनस्पती कशा मिसळाव्यात

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, खाद्याला पूरक म्हणून हळद, लसूण आणि शेवग्याचा पाला एवढ्या तीन वस्तू पुरेशा आहेत. दहा-बारा वनस्पती एकत्र कुटून देण्याचे सल्ले मला मुळीच पटत नाहीत, कारण त्यातल्या कशाने गुण आला आणि कशाने बिघडले हे शेवटपर्यंत कळत नाही. कडुलिंबही मी वगळतो. त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी कडवटपणामुळे पक्षी खाद्य सोडतात, आणि ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला जाणाऱ्या पक्ष्याची भूक मेलेली परवडत नाही. यातली कोणतीही वनस्पती लसीची जागा घेत नाही. मानमोडी (राणीखेत) आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी ठरल्या वेळीच द्याव्यात.

५० किलो खाद्याला २५० ग्रॅम हळद, २५० ग्रॅम लसणाची भुकटी आणि १ किलो शेवग्याची भुकटी घ्यावी. तयार हळदपुडीत भेसळ असू शकते, म्हणून मशीद बंदर किंवा वाशीच्या मसाला बाजारातून अखंड हळकुंडे आणून ती दळून घ्यावीत. लसणाच्या पातळ चकत्या करून त्या कडक वाळवाव्यात.

खरी कसोटी शेवग्याच्या पाल्याची आहे. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते आणि मुंबई, वसई, पालघरची हवा ते सहजी सोडू देत नाही. पाला वरून हिरवागार आणि कोरडा दिसतो, पण देठात ओल राहते आणि डब्यात बंद केल्यावर तिथूनच बुरशी सुरू होते. म्हणून पाने देठापासून ओरबाडून घ्यावीत, जाळीवर किंवा सुती कापडावर बोटभरही जाडी होणार नाही इतकी विरळ पसरावीत, सावलीत पंख्याखाली ठेवावीत आणि दिवसातून अनेकदा उलटावीत. उन्हात वाळवण्याचा सल्ला ऐकू नये. त्याने रंगाबरोबर पानांतले जीवनसत्त्वही जाते. सूर्यास्तानंतर हवेतला दमटपणा वाढतो, तेव्हा पाला उघड्यावर ठेवू नये. जून ते सप्टेंबर या काळात घरी पाला वाळवूच नये. लागेल तेवढी भुकटी मेअखेर करून हवाबंद डब्यात ठेवावी.

मुठीत चुरल्यावर पानाचा कुरकुरीत भुगा झाला पाहिजे. तरीही शंका असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत थोडा पाला आणि कोरडे मीठ घालून हलवावे; मीठ बरणीला चिकटले तर पाला अजून ओला आहे. बुरशी आलेला पाला भाजून किंवा पुन्हा वाळवून वापरावा, असे सांगणाऱ्यांवर मला राग येतो. बुरशीत तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याने संपत नाही. ते यकृत खराब करते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावून दिलेल्या लसीचाही उपयोग कमी करते. असा पाला फेकून द्यावा. त्यापेक्षा नुसते खाद्य कितीतरी चांगले.

मिसळताना भुकटी थेट पोत्यात ओतू नये. आधी ती २ किलो खाद्यात, मग ते मिश्रण १० किलोत आणि शेवटी उरलेल्या खाद्यात कालवावे. नाहीतर एका भांड्यात सगळी हळद आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे होते. मॅश, म्हणजे भरडलेले खाद्य, असेल तर एवढे पुरते. पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांच्या खाद्यावर, मात्र भुकटी टिकत नाही, ती तळाशी बसते, म्हणून आधी ५० किलोला सुमारे पाव लिटर खाद्यतेल चोळून घ्यावे. एका वेळी दोन दिवसांपुरतेच मिसळावे.

पहिला आठवडा काहीही देऊ नये. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या प्रमाणाने सुरुवात करावी आणि तिसऱ्यापासून पूर्ण प्रमाण द्यावे. विष्ठा पातळ झाली किंवा खाणे घटले तर मिश्रण लगेच बंद करून पशुवैद्यांना दाखवावे.

त्याच शेडमध्ये काही पक्षी जाळीने वेगळे करून त्यांना साधेच खाद्य द्यावे. दर आठवड्याला दोन्हीकडच्या ठरावीक पक्ष्यांचे वजन घ्यावे, आणि विक्रीच्या वेळी खाल्लेल्या खाद्याला एकूण वजनाने भागून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत; आकडा जितका कमी तितके खाद्य कमी लागले. साध्या खाद्याचा आकडा सारखा किंवा कमी आला, तर पुढच्या तुकडीला भुकटी देऊ नये.