युनिव्हर्सिटीसोबत क्लिनिकल रिसर्च करायचाय? सुरुवात आपल्या ओपीडीच्या रजिस्टरपासून करा

१९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर-संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला होता. हजार मोठी माणसं घेतली तर महिनाभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण अ‍ॅडमिट होतात आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त १. आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, कारण आपण ज्या गाइडलाइन्स वापरतो त्यातला मोठा भाग त्या एकासारख्या पेशंटांवर झालेल्या रिसर्चमधून आलाय आणि उरलेले २४९ बसलेले असतात आपल्या बाकड्यावर. म्हणून कम्युनिटी क्लिनिकने युनिव्हर्सिटीशी हात मिळवणं मला फार गरजेचं वाटतं, पण ते कसं करायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून आम्ही जे शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट, रिकाम्या हाताने जाऊ नका. "आम्हालाही रिसर्चमध्ये घ्या" असं म्हणत गेलात तर ते त्यांचा तयार प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, देतील आणि तुम्ही पेशंट पुरवणारे होऊन बसाल. आपला प्रश्न घेऊन जा. तो फार मोठा असायची गरज नाही, रोज ओपीडीत जे खटकतं तेच लिहून काढा. बीपीची गोळी सुरू केलेले लोक दुसऱ्या महिन्यात परत का येत नाहीत, पायाच्या जखमेचं ड्रेसिंग घरी शिकवलं तर चालतं का, असले प्रश्न. आमच्याकडे सगळ्यात चांगला प्रश्न डॉक्टरांनी नाही तर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने काढला होता, म्हणून स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारा. वेल्समध्ये ग्लिनकॉरगला ज्युलियन ट्यूडर हार्ट हे खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर होते, त्यांनी आपल्या यादीतल्या मोठ्या माणसांचं बीपी मोजून व्यवस्थित नोंदवायला घेतलं आणि त्या नोंदींमुळे तो छोटा दवाखाना संशोधनाच्या जगात ओळखला गेला. मुळात नोंदी होत्या म्हणून पुढचं सगळं झालं.

दुसरं, मोजा. हे काम कंटाळवाणं आहे पण इथेच सगळं ठरतं. संशोधनात लझान्याचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात, की अभ्यास सुरू झाला रे झाला की त्याला हवे असलेले पेशंट अचानक गायब होतात, म्हणजे आपल्याला वाटत होते तेवढे ते मुळात नसतातच. आम्ही एका संध्याकाळी मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसलो आणि पेन्सिलने खुणा करत गेलो. नवीन निदान झालेले कोण, वय किती, गरोदर बायका वगळा, आधीच दुसरं औषध चालू असलेले वगळा, यादी निम्म्याच्या खाली आली. मग उरलेल्यांना फोन लावले तर कितीतरी नंबर बंद. जे हातात राहिलं तो खरा आकडा, आणि तोच घेऊन आम्ही प्रोफेसरांकडे गेलो. ते खूष झाले, कारण बहुतेक लोक त्यांना अंदाजाने भरमसाट आकडा सांगतात आणि मग वर्षभर सगळे एकमेकांचं तोंड बघत बसतात.

कोणाकडे जायचं? सगळ्यात वरच्या खुर्चीकडे नको. डीनसोबत फोटो निघतो, हार-तुरे होतात, काम पुढे सरकत नाही. कम्युनिटी मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, नर्सिंग, फार्मसी किंवा पब्लिक हेल्थ या विभागांत मधल्या वयाचे कोणीतरी शोधा, ज्यांना स्वतःचं काम उभं करायचंय. त्यांचे आधीचे पेपर बघा आणि लेखकांच्या नावांत क्लिनिकमधलं कोणी आहे का हे तपासा, नसेल तर तुमचंही नाव येणार नाही हे समजून घ्या. बायोस्टॅटिस्टिक्सवाला, म्हणजे अभ्यासाच्या आकडेवारीचं गणित बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा, डेटा गोळा झाल्यावर नको. मेल एका पानाचा पाठवा, त्यात प्रश्न, मोजलेला आकडा आणि आपल्याकडे काय आहे काय नाही एवढंच. पहिली भेट मात्र आपल्या क्लिनिकमध्ये ठेवा, तेही भर ओपीडीच्या वेळी. मी एक गोष्ट नेहमी बघतो, पाहुणे रजिस्ट्रेशनच्या टेबलावर थांबून तिथल्या माणसाशी बोलतात की सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. त्यावरून बरंच कळतं.

आता पैशाचं आणि वेळेचं, इथे आम्ही सपशेल चुकलो होतो. पहिल्या अभ्यासात एका युनिव्हर्सिटीने पाठवलेल्या बजेटमध्ये लॅब होती, सॉफ्टवेअर होतं, प्रवास होता, पण आमच्या सिस्टरचा वेळ कुठेच नव्हता, आणि आम्ही आनंदाच्या भरात सही करून मोकळे झालो. प्रत्यक्षात काय झालं, बीपीच्या टेबलावर सिस्टर एका हाताने बीपीचा पट्टा बांधतायत, बाजूला कन्सेंटचा, म्हणजे संमतीचा, कित्येक पानांचा फॉर्म उघडा, समोरच्या आजींना वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवायचं आणि साक्षीदार शोधायचा, मागे रांग वाढत चाललीय, आणि तेवढ्यात रक्ताचा नमुना तासाभरात सेंट्रिफ्यूज करायचा (मशीनमध्ये फिरवून वेगळा करायचा) म्हणून कोणीतरी आवाज देतंय. दोन महिन्यांत त्या म्हणाल्या, "सर, मला हे काम आवडतं, पण पेशंटकडे बघायला वेळ उरत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही नियमच केलाय, रिसर्चसाठी वेगळा कोऑर्डिनेटर, निदान अर्धवेळ तरी, नसेल तर अभ्यास घेत नाही. बजेटमध्ये नर्सचे तास, तपासून अपात्र ठरलेल्या पेशंटांवर गेलेला वेळ, फ्रीज आणि त्याच्या तापमानाची रोजची नोंद, कुरियर, फोन, पेशंटचं येण्याजाण्याचं भाडं, ट्रेनिंग, सुरुवातीची तयारी आणि शेवटची आवराआवर हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. ओव्हरहेडमधला, म्हणजे जागा-वीज अशा वरखर्चासाठी धरलेल्या पैशातला वाटा पण मागा, लाजू नका, वीज आणि जागा तुमचीच वापरली जाते. आणि पैसे कधी येणार ते ठरवा, कारण युनिव्हर्सिटीचं बिल पास व्हायला महिने जातात आणि पगार तुम्हाला दर महिन्याला द्यावा लागतो.

एमओयू (दोन संस्थांमधला सामंजस्य करार) म्हणजे फक्त इच्छा, त्यावर विसंबू नका, प्रत्येक अभ्यासाचा वेगळा करार करा. त्यात डेटा कुठे राहणार, कोण वापरणार, नाव-पत्ता काढून टाकल्याशिवाय बाहेर जाणार नाही ना, अभ्यासामुळे पेशंटला इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, औषधाने गुण आला तर अभ्यास संपल्यावर ते मिळत राहणार का, हे स्पष्ट लिहा. अभ्यासाला नैतिक मंजुरी देणारी एथिक्स कमिटी कोणाची हे सुरुवातीलाच विचारा, तुमची नसेल तर त्यांच्या कमिटीवर विसंबता येतं का आणि त्यासाठी कुठली कागदपत्रं लागतात ते बघा, यात वेळ जातो. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सार्वजनिक ट्रायल रजिस्ट्रीत त्या ट्रायलचं रजिस्ट्रेशन झालेलं हवं, मोठी मेडिकल जर्नल्स २००५ पासून त्याशिवाय पेपर घेत नाहीत. ऑथरशिप, म्हणजे पेपरवर लेखक म्हणून कोणाची नावं येणार, हे पण आत्ताच बोलून घ्या. मेडिकल जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या निकषांनुसार नुसता डेटा गोळा करणारा लेखक होत नाही, म्हणून तुमच्या माणसाला डिझाइनमध्ये, लिखाणात आणि शेवटच्या मंजुरीत खरोखर सामील करून घ्यायला लावा.

पेशंटच्या विश्वासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते हा सगळ्यात नाजूक भाग आहे. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षं एक अभ्यास चालला, सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना खरं काय ते सांगितलं नाही आणि पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही दिलं नाही. त्या लोकांना अभ्यासाशी जोडून ठेवणारी एक नर्स होती, त्यांच्यातलीच, ओळखीची, तिच्यावर लोकांचा भरवसा होता. हे वाचलं की पोटात कालवतं. कारण आपल्याकडेही पेशंट फॉर्म वाचून हो म्हणत नाही, तो आपल्या तोंडाकडे बघून हो म्हणतो. म्हणून जो डॉक्टर रोज उपचार करतो त्याने कन्सेंट घेऊ नये, दुसऱ्या कोणी घ्यावा, घरी विचार करायला एक दिवस द्यावा आणि नाही म्हटलं तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हे सांगावं आणि तसं वागावं. प्रोटोकॉल पक्का व्हायच्या आधी पाच-सात पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना बसवून वाचून दाखवा. आमच्या एका गटात एका बाईंनी विचारलं, सकाळी उपाशीपोटी बोलावताय तर मुलांना शाळेत कोण सोडणार? आणि भेटीची वेळ बदलावी लागली. हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

सुरुवात छोट्या पायलटने, म्हणजे चाचणी-अभ्यासाने करा, दहा-वीस पेशंट पुरे. स्क्रीनिंग लॉग पहिल्या दिवसापासून ठेवा, कोणाला विचारलं, कोण नाही म्हणालं, का म्हणालं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचा कॉल, त्यात सिस्टर आणि कोऑर्डिनेटर हवेतच, आणि काही बिघडलं तर त्याच दिवशी कळवायचं, लपवायचं नाही. चुकीची नोंद झाली तर एक रेघ मारून, सही आणि तारीख टाकून दुरुस्त करा, व्हाइटनर अजिबात नको.

आणि निकाल परत आणायची तारीख करारातच घाला. पहिल्या अभ्यासाचा डेटा गेला तो गेलाच, पेशंट विचारत राहिले आणि आम्ही काय सांगणार. आता शेवटच्या पेशंटचा अभ्यास पूर्ण झाल्यावर प्रोफेसरांनी स्वतः क्लिनिकमध्ये येऊन साध्या भाषेत निकाल सांगायचा अशी अटच आहे. मागच्या वेळी ते आले, चाळीसेक लोक जमले होते, औषधाचा फारसा फरक पडला नाही हेही त्यांनी सरळ सांगितलं, आणि निघताना एका आजोबांनी त्यांना थांबवून विचारलं की मग पुढच्या वेळी गुडघ्यांचं बघणार का. सध्या आम्ही गुडघ्यांच्या पेशंटांसाठी रजिस्टर चाळतोय.